नांगरलेल्या होडीवर एलईडी दिवा लावताना

आमच्या मालवणात एलईडी म्हटलं की आधी कपाळाला आठ्या पडतात. प्रखर झोत पाण्यावर सोडून केलेल्या मासेमारीनं आमच्यासारख्या छोट्या होड्यांचं फार नुकसान केलं. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली. मी सांगतोय तो दिवा त्या झोतांपुढे अगदी लहान आहे. तो फक्त दोन वॅटचा, पण रात्री नांगर टाकून झोपलेल्या माणसांचा जीव त्याच्यावर असतो.

माझी होडी २८ फुटी, फायबरची. सुरुवातीला मी काठाला आतून एलईडीची पट्टी चिकटवली होती. आत लख्ख उजेड, जेवण करायला मजा. एका रात्री एक ट्रॉलर सरळ आमच्या अंगावर आला. आम्ही हातातला टॉर्च हलवला, ओरडलो, तेव्हा तो जेमतेम चाळीस-पन्नास मीटरवर वळला. पट्टीचा उजेड आमच्याच डोळ्यांत होता; बाहेरून लाटांआड काहीच दिसत नव्हतं. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "दिवो तुका दिसाक नको, दुसऱ्याक दिसाक होयो."

आंतरराष्ट्रीय नियमही तेच मागतो. नांगरलेल्या छोट्या होडीवर चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा, दोन सागरी मैलांवरून, म्हणजे साधारण ३.७ किलोमीटरवरून दिसेल असा हवा. सात मीटरपेक्षा लहान होडी बोटींच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि बोटी नेहमी नांगर टाकतात त्या जागेपासून दूर असेल तर तिला सूट आहे, पण ती घेऊ नका. नांगर धरला की चालत्या होडीचे लाल-हिरवे दिवे बंद करा. जाळं पाण्यात असेल तर दिवे वेगळे लागतात, तो विषय निराळा.

दिवा लुकलुकणारा नको. आपण जाळ्याच्या बोयऱ्याला, म्हणजे खुणेच्या तरंगत्या गोळ्याला, लुकलुकते दिवे बांधतो. होडीवर तसाच दिवा दिसला तर समोरचा तांडेल (होडी हाकणारा प्रमुख) तिला बोयरा समजून अगदी जवळून होडी काढेल.

जुन्या दिव्याच्या काचेत नुसता एलईडी बल्ब घालायचा मोह होतो. ती काच बल्बच्या तारेचा उजेड आडवा फेकण्यासाठी घडवलेली असते. एलईडीचे ठिपके वेगळ्या जागी बसतात, मग काही बाजूंना उजेड जातो आणि काही बाजू अंधारात राहतात. त्यापेक्षा ३६० अंशांचा, दोन मैलांचा म्हणून विकला जाणारा अख्खा दिवाच घ्या. तो १० ते ३० व्होल्टवर चालणारा असावा, कारण इंजिन चार्ज करत असताना १२ व्होल्टची बॅटरी चौदाच्या वर जाते आणि साधे एलईडी तिथेच जळतात.

माझ्याकडे ७ एएचची (अँपिअर-तासांची) छोटी बॅटरी आहे. जुना १० वॅटचा बल्ब बारा तासांत १० एएच खायचा, म्हणजे पहाटेआधीच अंधार. दोन वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात २ एएच खातो.

दिवा होडीवर उभ्या केलेल्या काठीच्या अगदी टोकाला बसवा. काठीच्या बाजूला अडकवला तर काठीचीच सावली पडते. तार कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्या. साध्या तारेला एका पावसाळ्यात आतपर्यंत हिरवा कळंक चढतो. टोक सोललं की भुगा हातात येतो. सांध्यावर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी नळी बसवा, दिव्याखाली तारेला एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. बॅटरीच्या धन टोकाजवळ दोन अँपिअरचा फ्यूज हवाच.

आता वायरलेस, म्हणजे होडीवरचा बोलायचा रेडिओ, तपासा. खरखर जेमतेम थांबेल तिथवर स्क्वेल्चचं, म्हणजे खरखर दाबायचं, बटण फिरवा आणि मग दिवा लावा. खरखर परत आली तर दिव्यातलं सर्किट वायरलेसच्या कामात अडथळा आणतंय. असा दिवा दुकानात परत करा. मी एक परत केलाय.

शेवटी अंधाऱ्या रात्री दुसऱ्या होडीतून दोनेकशे मीटरवरून आपल्या होडीभोवती पूर्ण फेरी मारा. माझ्या फेरीत दिवा एका ठिकाणी गडप झाला: ताडपत्रीची दांडी आड येत होती. काठी एक हात वाढवली. मग दूर जा आणि मोबाईलवर अंतर बघत दिवा कुठवर दिसतो ते मोजा.

जूनमध्ये होड्या वर ओढल्या की दिवा उतरवून घरी आणा, तारेची टोकं गोड्या पाण्यानं पुसून व्हॅसलिन लावून ठेवा.