जांबोटीच्या पडवीत शिकलेलं स्ट्रीमिंग

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही दहावीच्या गणिताचे तास मोबाइलवर दाखवायचं प्रोजेक्ट घेतलं होतं. बेळगावात कॉलेजच्या वायफायवर सगळं झकास चालायचं. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात, जांबोटीला मामांकडे गेलो आणि दहावीतल्या मामेबहिणीला पडवीत बसवून तास लावून दिला. सर समीकरण मांडत असतानाच चाक फिरायला लागलं, ते मिनिटभर फिरतच राहिलं. मामा म्हणाले, "चित्र बारीक असू दे रे, पण सरांचं बोलणं तुटाय नको."

या कामात नव्याने येणाऱ्याला मी आधी मामांचं हे वाक्य सांगतो, कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायची तंत्रं) नंतर.

स्ट्रीमिंगची पद्धत अशी: व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा तीन-चार दर्जांत ठेवायचा आणि पुढचा कुठला मागवायचा ते प्लेअरने नेट बघून ठरवायचं. स्ट्रीमिंगच्या ठरलेल्या रीतींपैकी ॲपलचं २००९ चं एचएलएस घ्या किंवा २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेलं डॅश, गाभा हाच.

आमचे तुकडे चार सेकंदांचे आहेत असं आम्ही धरून चाललो होतो. प्लेलिस्ट ही साधी मजकुराची फाइल, प्रत्येक तुकड्याचे सेकंद तिच्यात लिहिलेले असतात. उघडून बघितली तर बहुतेक तुकडे १० सेकंदांचे! तुकडे पाडणारं एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर की-फ्रेमवरच, म्हणजे आधीच्या फ्रेमांवर न विसंबणाऱ्या पूर्ण चित्रावरच, कापतं, आणि व्हिडिओ दाबणाऱ्या एक्स२६४ला काही सांगितलं नाही तर दोन की-फ्रेममध्ये २५० फ्रेमांपर्यंत अंतर पडतं. सेकंदाला २५ फ्रेमा म्हणजे १० सेकंद. दृश्य बदललं की मध्येच की-फ्रेम पडते, पण फळ्यासमोरचा कॅमेरा तासभर जागचा हलत नाही. सेकंदाला अडीच मेगाबिट दर्जाचा असा तुकडा २५ मेगाबिटचा. नेट सेकंदाला ३०० किलोबिटवर घसरलं की तो उतरायलाच ८० सेकंदांहून जास्त लागतात.

की-फ्रेममधलं अंतर १०० फ्रेमांवर बांधलं आणि खाली २०० किलोबिटची २४०पी (२४० ओळींच्या बारीक चित्राची) पायरी जोडली. तिचा चार सेकंदांचा तुकडा त्याच नेटवर तीन सेकंदांच्या आत येतो. पण फळ्यावरचे घातांक वाचता येईनात. मग त्याच २०० किलोबिटमध्ये ३६०पी ठेवून फ्रेमा सेकंदाला १० केल्या. खडूच्या अक्षरांना तेवढ्या पुरतात. मात्र तेव्हा की-फ्रेमचं अंतर १०० चं ४० करायचं राहून गेलं आणि तुकडे परत १० सेकंदांचे झाले. म्हणून काहीही बदललं की आधी प्लेलिस्ट उघडा. सगळ्यात खाली फक्त आवाजाची पायरी ठेवली, ती मामांसाठी.

खराब नेटसाठी दर वेळी जांबोटी गाठायची गरज नाही. लिनक्समधल्या नेटएम या सोयीने मुद्दाम नेट बिघडवता येतं: वेग कमी करता येतो, विलंब घालता येतो, पॅकेट (डेटाचे छोटे गठ्ठे) गाळता येतात. आठवडाभर असं नेट स्वतः वापरा.

दिवाळीत परत गेलो तेव्हा बहीण पडवीत वही घेऊन बसली होती. मध्येच व्हिडिओ थांबला आणि माझ्या पोटात गोळा आला. तिने स्वतःच थांबवला होता, गणित उतरवून घ्यायला.