हेल्यांची टक्कर बंद पाडायचीये? मग दिवाळीच्या दोन महिने आधी कामाला लागा

दरवर्षी भाऊबीजेच्या आसपास कुणीतरी टकरीचा, म्हणजे दोन हेले (रेडे) झुंजवल्याचा, व्हिडिओ टाकतं, खाली दोनशे जण शिव्या घालतात आणि पुढच्या वर्षी टक्कर परत तिथेच, फार तर पलीकडच्या शिवारात. दोन वर्षं मी पण हेच केलं. तिसऱ्या वर्षी आमच्या तापीकाठच्या गावात टक्कर झाली नाही, ती कशामुळे ते सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पाठच करून ठेवा, कारण पहिल्याच दिवशी पारावर कुणीतरी म्हणणार, "काय भो, सुप्रीम कोर्टानेच परवानगी दिलीये ना!" दिलीये, पण बैलगाडा शर्यतीला. १८ मे २०२३ च्या निकालात तामिळनाडूचं जल्लीकट्टू, कर्नाटकातली रेड्यांची शर्यत कंबाला आणि आपली बैलगाडा शर्यत यांच्यासाठी त्या त्या राज्यांनी केलेले कायदे टिकले, आणि शर्यतीलाही नियम-अटी आहेतच. दोन हेले एकमेकांच्या अंगावर सोडायचे याला त्यात कुठेच जागा नाही. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा १९६० चा जो कायदा आहे त्याचं कलम ११ बघा, करमणुकीसाठी जनावराला झुंजायला चिथावणं हा गुन्हा आणि झुंजीसाठी जागा चालवणं हाही गुन्हा. म्हणजे ज्याच्या शेतात टक्कर लागते तोही अडकतो. आम्ही शेतमालकाला कायद्याची झेरॉक्स नेऊन दिली, तो दोन दिवसांनी म्हणाला औंदा मी रब्बीची नांगरटी लवकर करतोय. बस, मैदानच गेलं.

आता कडू गोष्ट. त्या कलमात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. हो, पन्नास, भजी-चहा यापेक्षा महाग पडतात. म्हणून तक्रारीत एवढंच कलम टाकून बसू नका, हेला मेला किंवा कायमचा जायबंदी झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावा म्हणून लिहा, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पैजा लागत असतील तर जुगाराचा कायदा वेगळा. आणि १९६० च्या कायद्याखाली खटला तीन महिन्यांच्या आतच दाखल व्हावा लागतो, त्यामुळे "होळीनंतर बघू" चालत नाही.

अर्ज मात्र टकरीच्या आधी द्यायचा. पोलीस स्टेशन, तहसीलदार, पशुसंवर्धन खातं आणि जिल्हाधिकारी, कारण प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. प्रत्येक ठिकाणी शिक्का मारलेली पोच घ्या, तोंडी "हो हो बघतो" ला काही किंमत नाही. मग थोड्या दिवसांनी माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारा की माझ्या अर्जावर काय केलं. उत्तराला तीस दिवस मिळतात, दोन महिने आधी म्हणतोय ते याच्यासाठीच.

पण खरं काम कागदाचं नाहीये. गोव्यात धिरयो, म्हणजे तिथली बैलांची झुंज, हायकोर्टाने १९९६ मध्ये बंद केली, तरी चोरून लागतेच. उलट स्पेनच्या कॅटालोनियात लोकांनी १ लाख ८० हजार सह्या जमवल्या, २०१० ला तिथल्या संसदेने बैलझुंजीवर बंदी आणली, २०१६ ला कोर्टाने ती बंदीच उडवली, तरी बार्सिलोनात २०११ नंतर झुंज झालेली नाही. पब्लिकच येत नसेल तर कोण भरवणार?

म्हणून हेलेवाल्यांच्या गोठ्यात जा, मोबाईल खिशात ठेवून. कुण्या एका जातीचं नाव घेऊन बोललात तर विषय तिथेच संपला, आणि ते चूकही आहे, पैजा लावणारे सगळ्याच आळ्यांतले असतात. मला पहिल्याच गोठ्यात ऐकायला मिळालं, "तुनं काय जास?" म्हणजे तुझं काय जातंय. मी खाली बसलो, हेल्याला काय खाऊ घालता ते विचारलं. अर्धा तास सरकी-पेंड, दूध, तेल, मालिश. मग त्यानेच शेजारच्या हेल्याचं सांगितलं, शिंग मुळापासून उखडलं, रात्रभर रक्त थांबेना, डॉक्टर सकाळी आला. माणूस त्या जनावरावर जीव लावतो हो, पण मैदानात नाही उतरवला तर गावात तोंड कसं दाखवायचं ही त्याची खरी अडचण आहे.

त्यावर तोड एकच, मान दुसरीकडून द्या. सगर तर आपल्याकडे आहेच, शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, वाजंत्री लावून हेले मिरवायचे. आम्ही फेटा-नारळ ठेवला, सगळ्यात तुकतुकीत हेल्याला बक्षीस, आणि ज्या दुकानदारांची वर्गणी टकरीला जायची त्यांनाच आधी भेटून ती इकडे वळवली. वर्गणी वळली की आयोजक आपोआप ढिले पडतात. मिरवणूक थोडी फिकी झाली, खोटं कशाला बोलू, पोरं म्हणाली मजा नाही आली. पुढच्या वर्षी डफ वाढवू.

गावसभेत ठराव घ्यायचा तर १५ ऑगस्टची सभा धरा, २ ऑक्टोबरला कधी कधी उशीर होतो.

एवढं करूनही टक्कर लागलीच तर ११२ ला फोन करा, गावाचं नाव, गट नंबर, वेळ सांगा, व्हिडिओ लांबून काढा. मधे पडू नका. हरलेला हेला गर्दीतून वाट काढत पळतो, त्याला तुम्ही कोणत्या बाजूचे ते कळत नाही.