टेबल सॉचे बटण दाबण्यापूर्वी

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या फिरत्या पात्याने लाकूड कापणारे यंत्र, नव्याने घेणाऱ्याला सगळीकडून एकच सल्ला मिळतो: हात सांभाळा. तो अपुरा आहे. या यंत्रावरचे कित्येक गंभीर अपघात लाकूड उसळून मागे फेकले जाण्यापासून सुरू होतात आणि हात त्या लाकडाबरोबर पात्यावर ओढला जातो. दहा इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या क्षणी हात मागे घेण्याइतकी सवड कोणालाच मिळत नाही, म्हणून जे काही करायचे ते यंत्र बंद असतानाच करून घ्यावे लागते.

प्रथम प्लग काढून समोर दिसेल असा ठेवावा. पात्याची धार, तुटलेले किंवा सैल झालेले दाते, मधला नट आणि दात्यांची दिशा पाहून घ्यावी. पुढच्या बाजूचे दाते खाली उतरणारे हवेत. टेबलावर गंज चढला असेल तर तो घासून काढून साधे मेण चोळावे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत बिडाचे टेबल दोन पावसाळी दिवसांतही खरखरीत होते आणि अशा टेबलावर फळी मध्येच अडते.

स्विचकडे मात्र कोणी पाहत नाही आणि गोव्यात तर ते आवर्जून पाहायला हवे. पावसाळ्यात वीज जाते, येते, पुन्हा जाते. यंत्राला साधे बटण असेल तर वीज गेल्यावर पाते थांबते, माणूस अडकलेला तुकडा काढायला हात घालतो आणि त्याच वेळी वीज परत आली की पाते आपोआप फिरू लागते. तपासणी सोपी आहे. प्लग लावून, लाकूड न लावता यंत्र चालू करावे, भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करावा, पाते पूर्ण थांबू द्यावे आणि यंत्रापासून दूर उभे राहून मुख्य स्विच पुन्हा चालू करावा. पाते फिरले तर नो-व्होल्ट प्रकारचा (वीज परत आली तरी आपोआप चालू न होणारा) स्विच बसवून घेईपर्यंत त्या यंत्रावर काम करू नये. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) याच वेळी इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावा. प्लग पुन्हा काढून मगच पुढच्या कामाला लागावे.

आता खरा कठीण टप्पा. नेमके इथेच घोडे पेंड खाते आणि माझेही बरेच दिवस इथेच अडले होते. पाते धारदार, लाकूड सरळ, तरीही कापाच्या शेवटच्या वीतभर अंतरात फळी थरथरायची, कडेला जळकट डाग पडायचे आणि फळीचे मागचे टोक किंचित वर उचलले जायचे. अशा वेळी ‘जरा जोराने ढकला’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे मुळीच ऐकू नये. फळीचे टोक उचलले जाते याचा अर्थ ती पात्याच्या मागच्या दात्यांना टेकते आहे. पुढचे दाते लाकूड टेबलावर दाबतात, मागचे दाते वर येत असतात. लाकूड त्यांच्या तावडीत सापडले की ते उचलले जाते आणि चालवणाऱ्याच्या पोटावर येऊन आदळते. किकबॅक म्हणतात तो हाच.

बहुतेक वेळा याचे मूळ पाते आणि फेन्स (जिला फळी टेकवून पुढे सरकवतात ती लांब पट्टी) समांतर नसण्यात असते. टेप लावून पाते आणि फेन्स यांच्यातले अंतर पुढे-मागे मोजण्याची पद्धत सर्रास सांगितली जाते, पण टेपचे टोक मुळातच सैल असते आणि इथे प्रश्न केसाएवढ्या फरकाचा असतो. माप नेहमी टेबलावरच्या मायटर गेजच्या (आडव्या कापात फळीला आधार देणाऱ्या, सरकत्या टेक्याच्या) खाचेपासून घ्यावे. पाते पूर्ण वर घेऊन खाचेकडे झुकलेल्या एका दात्यावर पेनने खूण करावी. तो दाता पुढच्या बाजूला टेबलाच्या जरा वर आणावा, कॉम्बिनेशन स्क्वेअर (सरकती पट्टी असलेला गुण्या) खाचेच्या कडेला टेकवून पट्टीचे टोक दात्याला जेमतेम लागेल असे सरकवावे आणि स्क्रू घट्ट करावा. मग पाते हाताने फिरवून तोच दाता मागच्या बाजूला आणावा आणि पट्टी न हलवता स्क्वेअर तिथे न्यावा. दोन्हीकडे दाता पट्टीच्या टोकाला घासताना सारखाच बारीक आवाज आला, तर पाते खाचेला समांतर आहे. पुढे एक आणि मागे दुसराच दाता घेऊन मोजल्यास पात्याचा स्वतःचा वाक मापात मिसळतो आणि सारी मेहनत वाया जाते.

फरक आढळला तर गॅरेजमध्ये वापरतात ते फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचे माप) फटीत घालून तो किती आहे ते पाहावे. ०.१ मिलिमीटरच्या आत असेल तर पुरे. जास्त असेल तर पात्याचा सांगाडा टेबलाला धरून ठेवणारे बोल्ट सैल करून तो हलके ठोकावा (जड, कॅबिनेट प्रकारच्या यंत्रात वरचे टेबलच सरकवावे लागते). बोल्ट आवळताना सांगाडा पुन्हा थोडा हलतो, म्हणून एकेक बोल्ट थोडा थोडा आवळत जावे आणि शेवटी माप पुन्हा घ्यावे. त्यानंतर फेन्स त्याच खाचेशी जुळवावी. तिचे मागचे टोक पात्याकडे झुकलेले असता कामा नये; झुकले असेल तर फळी फेन्स आणि पाते यांच्या मध्ये पाचरीसारखी आवळली जाते.

एवढे केल्यावर रिव्हिंग नाइफ पाहावा. पात्याच्या मागे उभे असलेले हे पोलादी पान कापलेली फट मिटू देत नाही. त्याची जाडी पात्याच्या चकतीपेक्षा जास्त आणि दात्यांनी पाडलेल्या फटीपेक्षा कमी हवी. उदाहरणार्थ, चकती १.८ आणि फट २.६ मिलिमीटर असेल, तर २.२ मिलिमीटरचे पान योग्य. दात्यांपासून ते ३ ते ८ मिलिमीटरवर असावे आणि पात्याच्याच रेषेत उभे असावे. अडचण होते म्हणून ते काढून ठेवणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या अनुभवाचा मान राखूनही मी सांगेन की त्यांचे अनुकरण करू नये. प्लायवुडच्या पेटीला खालून हातकटर उलटा बांधून केलेल्या टेबलाला तर बहुधा ना रिव्हिंग नाइफ असतो, ना गार्ड (पात्यावरचे झाकण), ना धड फेन्स. ते मी टेबल सॉ मानत नाही आणि कोणी त्यावर फळी उभी, म्हणजे लांबीच्या दिशेने, चिरू नये.

लाकूडही तपासावेच लागते. पाडलेल्या जुन्या घरांचे वासे आणि तुळया आपल्याकडे पुन्हा वापरल्या जातात. त्यांवरून लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत. चतुर्थी तोंडावर आली की पाट, चौरंग आणि माटोळीच्या (गणपतीवर फळे-पाने टांगतात तिच्या) चौकटी यांची घाई उडते आणि नेमके त्याच दिवसांत लाकूड ओलसर असते. परसातला फणस पाडून पुरता वाळू न देताच चिरायला घेतला, तर कापलेले दोन भाग पात्यामागे एकमेकांकडे ओढले जाऊन फट मिटते. अशा लाकडाला मी घाईच्या कामातही हात लावत नाही. पिळलेली किंवा वाकलेली फळी आधी रंध्याने सपाट आणि एका कडेला सरळ करून घ्यावी.

पात्याची उंची एवढीच ठेवावी की दात्यांमधल्या खाचा फळीच्या जेमतेम वर दिसतील. फळी आडवी कापताना मायटर गेज वापरावा आणि फेन्स बाजूला सारावी; दोन्हींचा आधार एकदम घेतला तर कापलेला तुकडा अडकून उडतो. हातमोजे घालू नयेत, लांब बाह्या दुमडाव्यात, अंगठी आणि मनगटावरचा गंडा काढून ठेवावा. चष्मा आणि मास्क लावावा. पात्यापासून फेन्सपर्यंत १५ सेंटिमीटरपेक्षा कमी जागा उरत असेल तर ढकलकाठी लागणार हे धरून ती आधीच उजव्या हाताशी ठेवावी, कारण काप चालू असताना ती शोधता येत नाही.

गार्ड खाली घ्यावा, प्लग लावावा, पात्याच्या रेषेतून डावीकडे सरकून उभे राहावे आणि लाकूड न लावता यंत्र अर्धा मिनिट चालवावे. खडखड किंवा थरथर जाणवली तर बंद करून नट आणि बेल्ट पुन्हा पाहावेत. आवाज एकसारखा असेल तर पहिला काप टाकाऊ तुकड्यावर घ्यावा, पाते पूर्ण थांबू द्यावे आणि त्या तुकड्याच्या कडेवर जळकट डाग नाहीत हे पाहूनच कामाची फळी लावावी.