पिकअपवर विंच कुठे बसवायची

विंच (ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणारं मोटरचं यंत्र) विकत घेण्याआधी टॉर्च घेऊन गाडीखाली आडवं व्हा. हायलक्स, व्ही-क्रॉस, बोलेरो पिकअप, सगळ्यांना लॅडर चॅसी आहे. तिच्या दोन लांब पट्ट्यांची पुढची टोकं बंपरच्या मागे दिसतील. ओढ झेलायची ती या टोकांनीच. नुसत्या कंपनीच्या बंपरला विंच जखडली, तर चिखलातून आधी बंपर बाहेर येईल.

आता काम ठरवा. रुतलेली गाडी स्वतःच काढायची असेल तर विंच पुढे हवी आणि तिची क्षमता भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाच्या दीडपट हवी. ३,००० किलोच्या गाडीला ४,५०० किलो, म्हणजे १०,००० पौंडी विंच (४,५३६ किलो). हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. दोर पूर्ण गुंडाळलेला असताना बाहेरच्या थरावर ओढ तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त घटते.

पुढे बसवायचे तीन मार्ग आहेत. पहिला, मूळ बंपरच्या मागे लपणारी प्लेट. वजन कमी, गाडीचा चेहरा तोच राहतो. रोजच्या वापराच्या गाडीला आम्ही हाच सुचवू. फक्त विंचच्या क्लचच्या, म्हणजे ड्रम मोकळा सोडणाऱ्या, लिव्हरपर्यंत हात जातो का, हे प्लेट घेण्याआधी बघा. बऱ्याच विंचमध्ये गिअरबॉक्स सोडवून फिरवून बसवता येतो, पण ते काम टेबलावर करायचं, गाडीखाली पडून नव्हे.

दुसरा, विंचची जागा असलेला स्टीलचा बंपर. लोखंडी दोराची विंच सुमारे ४० किलो, त्यात बंपरची भर, आणि हे सगळं पुढच्या चाकांच्याही पुढे लटकणार. पुढची स्प्रिंग बसते, हेडलाइट खाली झुकतात. जाड स्प्रिंगचा खर्च आधीच धरा. रेडिएटरसमोरची हवा अडली तर घाटात तापमानाचा काटा वर सरकेल. शिवाय कायदा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन क्रॅश गार्ड, बुल बारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही अशा बंपरने बिघडू शकतं.

तिसरा, दोन इंची चौकोनी रिसीव्हरमध्ये (चॅसीला जोडलेल्या पोकळ नळीत) सरकवायची, काढता येणारी पाळण्यातली (चौकटीत बसवलेली) विंच. पुढे-मागे दोन्हीकडे लागते, पण सगळा भार एका पिनवर. सरळ ओढीला ठीक. तिरकी ओढ दिली की रिसीव्हरची नळी पिळवटते. ९,५०० पौंडांपुढची विंच यावर नको.

हौद्यात बंद पडलेली गाडी किंवा जनरेटर चढवायचा असेल तर हिशेब वेगळा. १५ अंशांच्या उतारावर चाकं फिरणाऱ्या १,००० किलोला साधारण ३०० किलोची ओढ लागते, म्हणून ३,५०० पौंडी विंच पुरते. चाकं जाम असतील तर मात्र ओढ दुप्पट-तिप्पट होते. ही विंच केबिनमागे बसवा, पण हौद्याच्या पत्र्यावर नाही: पत्रा आरपार भोकून खाली चॅसीच्या आडव्या पट्टीला बोल्ट करा. माल उचलायला, टांगायला विंच वापरू नका. तिचा ब्रेक त्यासाठी नसतो.

प्लेट किमान ६ मिमीची, सपाट. ८,००० ते १२,००० पौंडी विंचच्या पायांची भोकं बहुतेक २५४ × ११४ मिमी अंतरावर असतात. चार बोल्ट, ८.८ ग्रेडचे, लांबी आणि टॉर्क पुस्तिकेप्रमाणे. इथे एक चूक नेहमी होते. पायाच्या खाचेत चौकोनी नट सरकवलेले असतात. बोल्ट लांब पडला तर नटातून जाऊन तळाला टेकतो, पान्ह्याला घट्ट लागतो, आणि विंच मात्र सैलच राहते. अजून जोर लावला की ॲल्युमिनियमचा पाय तडकतो. चारही बोल्ट आवळल्यावर क्लच सोडून ड्रम हाताने फिरवा. आवळण्याआधी मोकळा फिरत होता आणि आता अडतोय, तर प्लेट वाकडी आहे. बोल्ट सैल करून जिथे फट दिसते तिथे शिम (पातळ पत्र्याची चकती) घाला.

चॅसीला भोक पाडायचं तर पट्टीच्या उभ्या बाजूला, वरच्या-खालच्या कडेला नाही. बंद पेटीसारखी चॅसी असेल तर आत पाइपचा स्लीव्ह घाला, नाहीतर बोल्ट आवळताना पेटीच चेपते. वेल्डिंग शक्यतो टाळा. जोडाशेजारीच पुढे तडा जातो.

पूर्ण भाराला करंट ४०० अँपिअरच्या घरात जातो. पुढच्या विंचला ३५ चौरस मिमीची तांब्याची केबल, हौद्यातल्या मोठ्या विंचला अंतरामुळे ७०. निगेटिव्ह थेट बॅटरीला. बॉडीला जोडलं की ओढ मंदावते आणि मोटर तापते. बॅटरीजवळ कट-ऑफ स्विच हवाच.

दोर जिथून बाहेर येतो तिथे लोखंडी दोराला रोलर, सिंथेटिकला ॲल्युमिनियमचा गुळगुळीत हॉज (गोल कडांचं तोंड). वापरलेला रोलर सिंथेटिक दोरासाठी ठेवू नका, त्यावरचे ओरखडे दोर कापतात. ओढताना ड्रमवर लोखंडी दोराचे किमान पाच, सिंथेटिकचे आठ-दहा वेढे राहू द्या. पुलीने दोर दुहेरी केलात तर परतीचा हुक विंचच्या प्लेटला नव्हे, चॅसीच्या रिकव्हरी पॉइंटला (ओढण्यासाठीच्या मजबूत कडीला) अडकवा.