माउंट मेरू: चार दिवसांची चढाई कशी आखावी

टांझानियातला माउंट मेरू ४,५६६ मीटर उंच आहे (काही नकाशांत ४,५६२ सापडेल). हा ज्वालामुखी अरुशा राष्ट्रीय उद्यानात, किलिमांजारोच्या पश्चिमेला साधारण ७० किलोमीटरवर उभा आहे. शेवटचा छोटा उद्रेक १९१० साली झाला. पूर्वेची भिंत हजारो वर्षांपूर्वी ढासळल्यामुळे डोंगराला घोड्याच्या नालेचा आकार आला आहे, आणि वाट त्या नालेच्या उत्तरेकडच्या धारेवरून शिखरावर जाते. पुष्कळ जण किलिमांजारोआधीचा सराव म्हणून मेरूची आखणी करतात आणि तिथेच चुकतात. उंची कमी असली तरी मेरूचा शिखराचा दिवस जास्त दगडी, जास्त उघडा आणि उतरताना जास्त दमवणारा आहे.

बुकिंग करताना ‘अरुशा राष्ट्रीय उद्यान, मोमेला गेट’ असं स्पष्ट लिहून घ्या. केनियात मेरू नावाचं वेगळंच राष्ट्रीय उद्यान आहे.

जून ते ऑक्टोबर हा कोरडा काळ सर्वांत भरवशाचा. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीही चालतो. मार्च ते मे हा मोठा पाऊस आणि नोव्हेंबरच्या आसपासचा छोटा पाऊस टाळा. जंगलातला चिखल सोसता येतो, पण वरच्या कातळावर ओली राख बसली की पाय टिकत नाही.

मेरूवर एकट्याने जाता येत नाही. रानरेडे, हत्ती आणि बिबटे असल्यामुळे बंदूकधारी रेंजर बंधनकारक आहे, आणि तो उद्यानाचा माणूस असतो. गाइड, आचारी आणि पोर्टर कंपनीचे. बऱ्याचदा वेगवेगळ्या कंपन्यांचे गट मोमेलाला एकत्र करून एका रेंजरमागे लावले जातात. म्हणजे तुमची चाल तुमच्या हातात राहत नाही. सगळ्यांत हळू चालणाऱ्यासाठी थांबावं लागतं, किंवा तो हळू चालणारा तुम्हीच असता. कंपनीला आधीच विचारा: आमच्या गटात किती जण, गाइड किती? चार जणांच्या गटाला एकच गाइड असेल आणि शिखराच्या रात्री एकाला परत फिरावं लागलं, तर उरलेल्या तिघांचं काय होणार? याचं उत्तर गोलमोल आलं तर दुसरी कंपनी बघा.

दर विचारताना उद्यानाचं शुल्क, हटचं भाडं, बचाव शुल्क, रेंजरचं शुल्क आणि १८ टक्के व्हॅट हे सगळं धरलंय का, ते लेखी घ्या. टिप त्यात नसते. ती शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर द्या. सुटे डॉलर जवळ ठेवा, पण जुन्या किंवा फाटक्या नोटा तिथे कुणी घेत नाही.

तीन दिवसांचा कार्यक्रमही विकला जातो. घेऊ नका. चार दिवस, तीन रात्री हेच बरोबर.

पहिला दिवस: मोमेला गेट (सुमारे १,५०० मीटर) ते मिरियाकांबा हट (२,५१४ मीटर). सुरुवातच जवळपास कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवरून होते. वाटा दोन आहेत. लांबची वाट अंजिराच्या झाडाच्या कमानीखालून जाते आणि जंगल जास्त दाखवते, म्हणून चढताना ती घ्या आणि उतरताना जवळची. चार-पाच तास लागतात. रेंजरच्या पुढे जायचं नाही, झाडीत फोटोसाठी घुसायचं नाही.

दुसरा दिवस: सॅडल हट (३,५७० मीटर). अंतर थोडं, चढ हजार मीटरहून जास्त, लाकडी पायऱ्या संपता संपत नाहीत. तीन-चार तासांत पोहोचता. इथे जेवून झोपून जाण्याचा मोह आवरा. दुपारी लिटल मेरू (३,८२०) चढून या, वर जायला तासभर पुरतो. उंचीवर जाऊन खाली येऊन झोपल्यावर शरीर सरावतं, शिवाय डोकं दुखतंय का हे रात्री एक वाजता कळण्याऐवजी उजेडातच कळतं.

तिसऱ्या दिवसाचा हिशेब कागदावर मांडा. रात्री एक-दोनच्या सुमारास निघून हजार मीटर चढायचं, पाच-सहा तास. मग सॅडलपर्यंत उतरायचं, थोडं खायचं, आणि त्याच दिवशी मिरियाकांबापर्यंत जायचं. एका दिवसात दोन हजार मीटरहून जास्त उतार होतो. गुडघे इथे जातात, चढताना नाही.

ऱ्हायनो पॉइंटपर्यंत चढ साधा आहे. त्यानंतर कातळाचा ट्रॅव्हर्स (आडवं पार करायचा टप्पा) येतो, काही ठिकाणी साखळ्या आहेत. पहाटे दगडावर बर्फाचा पातळ थर असू शकतो. इथे काठ्या बॅगेला बांधा, हात मोकळे हवेत. पुढे कोब्रा पॉइंटपर्यंत राखेचा घसारा, एका बाजूला विवराचा कडा. अंधारात एक्सपोजर (बाजूची उघडी खोली) दिसत नाही, ते बरंच म्हणायचं. पण परतताना लख्ख उन्हात तेच सगळं दिसतं, तेव्हा ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी गाइडला आधीच सांगून ठेवावं. शेवटचा टप्पा सोशलिस्ट पीकपर्यंत, म्हणजे मेरूच्या माथ्यापर्यंत, पुन्हा दगडांतून. परत फिरण्याची वेळ आदल्या संध्याकाळीच ठरवा, आणि वर पोहोचला नसलात तरी ती पाळा.

डोकेदुखी आणि मळमळ उंचीवर पुष्कळांना होते. पण तोल जाणं, बरळणं, बसल्या जागी धाप लागणं किंवा फेसाळ खोकला दिसला तर ताबडतोब खाली उतरा. सकाळची वाट बघायची नाही. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळण्याची गोळी) साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात, पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि बाकीच्यांनीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

सामानात उणे पाच ते उणे दहा अंशांची स्लीपिंग बॅग, जाड हातमोजे, हेडटॉर्च, राख बुटात शिरू नये म्हणून गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंतचं आवरण), दोन काठ्या आणि तीन लिटर पाणी हवं. टॉर्चचे जादा सेल अंगाजवळच्या खिशात ठेवा, थंडीत ते लवकर बसतात. पाण्याच्या पिशवीची नळी शिखराच्या रात्री गोठते, म्हणून त्या रात्री बाटलीच घ्या आणि ती उलटी ठेवा: बर्फ वरच्या बाजूने धरतो, तोंड मोकळं राहतं. पोर्टरला द्यायची बॅग १५ किलोच्या आत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात जून २०१९ पासून बंदी आहे, कपडे कापडी पिशव्यांत भरा.

शाकाहारी असाल तर ‘व्हेज’ एवढंच सांगून भागत नाही. अंडी चालतात का, मांसाच्या रश्शातलं सूप नको, हे आचाऱ्याला निघण्याआधी सांगा. चपाती, राजम्यासारख्या दाण्यांची उसळ, कोबी आणि उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) सहज मिळते. उंचीवर भूक मरते, म्हणून चिक्की, भाजलेले शेंगदाणे, खजूर घरूनच न्या.

सरावासाठी राजगड ते तोरणा एका दिवसात, पाठीवर सहा-सात किलो घेऊन, दोन-तीनदा करा. सह्याद्री पाय तयार करतो, पातळ हवेची सवय मात्र लावत नाही.

नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र त्यानंतरच वैध धरतात. विम्यात ४,६०० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग लिहिलेलं आहे का ते वाचा. आणि चौथ्या दिवशी मोमेलाला दुपारपर्यंत पोहोचता येत असलं तरी किलिमांजारो विमानतळावरून त्याच संध्याकाळचं विमान धरू नका.