इको किट जोडताय? या चुका टाळा

कानबाईची गाणी असो नाहीतर हळदीतली अहिराणी गाणी, माईकला इको नसला की आपल्याकडे गाणाऱ्यालाच करमत नाही, म्हणून जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं आता पीटी २३९९ या इकोच्या आयसीचं (चिपचं) किट मागवून घरीच इको बनवतात. पहिल्या झटक्यात चाललं नाही की शिव्या आयसीला. आयसी बहुतेक वेळा चांगलाच असतो भो!

आयसी बेसमध्ये (सॉकेटमध्ये) बसवायच्या आधी नुसता सप्लाय देऊन मल्टिमीटर लावा, १ नंबर पिनवर ५ व्होल्ट आले पाहिजेत, ३ आणि ४ ग्राउंड. ९-१२ दिसले तर ७८०५ चे (५ व्होल्ट काढून देणाऱ्या रेग्युलेटरचे) पाय आणि आजूबाजूचे सोल्डरचे डाग बघा, तसाच आयसी लावला तर गेला समजा. कमी दिसले तर तुम्ही मोबाईलचा चार्जर जोडलाय, ७८०५ ला आत निदान ७ व्होल्ट लागतात, ५ मधून ५ कसे निघणार?

रेझिस्टर रात्री पिवळ्या बल्बखाली लावू नका. १ के (किलो-ओहम) चा लाल पट्टा आणि १० के चा नारिंगी, तिथे दोन्ही सारखेच दिसतात. सरळ मीटरवर मोजा.

आता खरी डोकेदुखी, काल मस्त चाललं आणि आज चालू केलं तर इको गायब, सगळे डाग परत मारले तरी तेच. डिलेचा, म्हणजे इको किती उशिरा यावा ते ठरवणारा पॉट (फिरवायचं बटण) कुठे ठेवलाय बघा. तो एकदम कमीवर ठेवून पॉवर दिली की ६ नंबर पिनला ग्राउंडकडे रेझिस्टन्सच उरत नाही आणि आयसी चालू होतानाच अडकतो. पॉट मध्यावर आणून बंद-चालू करा, इको परत आला तर पॉटच्या सिरीजमध्ये २.२ के टाका, विषय संपला. काही किटमध्ये हा रेझिस्टर दिलेलाच नसतो, हे मला तरी पटत नाही.

डिले ३४० मिलिसेकंदाच्या आसपास नेला की आवाज खरखरतो, तो फॉल्ट नाही, हा आयसीच तसा आहे. गाण्याला तेवढा लागत पण नाही.

आणि माईक थेट किटला जोडू नका, सिग्नल फार बारीक असतो. मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (आवाज बाहेरच्या इफेक्टला पाठवायची वेगळी वाट) किटमध्ये न्या आणि परत एका चॅनलवर घ्या, फक्त त्या चॅनलचा ऑक्स पूर्ण खाली पाहिजे, नाहीतर इकोचा इको होत होत अशी शिट्टी बसते की मंडपातले म्हातारे उठून जातील.