लॅबमधल्या मशीनवर जीआयसॅक्स कसं घ्यायचं

सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे मोठ्या एक्स-रे केंद्रावर, बीमटाइम (मोजमापाची वेळ) नाही मिळाला तरी लॅबच्या कॉपर एक्स-रे सोर्सवर, म्हणजे 1.54 अँगस्ट्रॉम तरंगलांबीला, पॉलिमर फिल्मचं जीआयसॅक्स (एक्स-रे फिल्मला जवळजवळ समांतर सोडून, ते कसे विखुरतात त्यावरून आतली नॅनो-रचना बघणं) होतं, फक्त एक्स्पोजर तासन्‌तास चालतं. खरी डोकेदुखी अलाइनमेंटची: सॅम्पल हळूहळू वर घ्या, डायरेक्ट बीम बरोब्बर निम्मा कापला गेला की थांबा, मग सॅम्पलचा बीमशी असलेला अँगल मागेपुढे करून इंटेन्सिटी सगळ्यात जास्त कुठे येते ते बघा, मग परत उंची, परत अँगल, इथे कंटाळा केलात की पुढचा सगळा डेटा बोंबलला. अँगल 0.2 अंशाच्या आसपास ठेवा, बीम फिल्ममध्ये शिरतो पण खालच्या सिलिकॉनवरून परत फिरतो कारण सिलिकॉनचा क्रिटिकल अँगल (ज्याच्या खाली बीम आत न शिरता पूर्ण परावर्तित होतो) 0.22 अंश. आणि हो, 0.2 मिमीचा बीम या अँगलला 57 मिमी पसरतो, त्यामुळे तुकडा छोटा असेल तर बराचसा बीम वायाच. विखुरलेल्या किरणांच्या चित्रात आडव्या दिशेने पीक 0.2 प्रति नॅनोमीटरला आला तर 6.28 (म्हणजे 2π) भागिले 0.2, झालं, फिल्ममधल्या रचनांमधलं अंतर साधारण 31 नॅनोमीटर.